मंगळवारची जवारी

"ओ बाई, थांबवा ते! जवारी बंद पडलीय तुमच्या तंबोऱ्याची."

गाठीनं अब्बांचा घसा बसलेला, तरी शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू गेलं. केमोच्या वॉर्डातले सगळे पेशंट माना वळवून बघायला लागले. खिडकीपाशी स्टुलावर बसलेल्या बाईंचा हात तारांवरच थांबला. साठी ओलांडलेल्या, सुती साडी, चष्म्याला दोरी. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या हळबेबाई. दर मंगळवारी येऊन त्या तंबोऱ्यावर हळू आवाजात गायच्या. त्यानं पेशंटची भीती कमी होते, असं सिस्टर रूथनी मला सांगितलं होतं. मी मनात म्हटलं होतं, सुईची भीती गाण्यानं जाते होय? काहीतरीच.

"तुम्हाला कळतं का त्यातलं?" बाईंनी विचारलं.

"मला?" अब्बा अर्धे उठून बसले. "बंदेनवाज म्हणून मिरजेत कुणालाही विचारा. चाळीस वर्षं तंबोरे करतोय. मेहरू, घरी जा. माझी कानसीची पिशवी आण."

मी गेले. न जाऊन काय करते? आदल्याच मंगळवारी, पहिल्या केमोला, ह्याच खाटेवर, दुसऱ्या तासाला, अब्बांनी हातातली सुई स्वतः उपसून काढली होती आणि चपला न घालता ते रस्त्यावर गेले होते. घाम फुटलेला, छाती धडधडलेली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सहा आठवड्यांत सहा केमो आणि रोज रेडिएशन. पूर्ण झालं तर गाठ जायची चांगली आशा आहे. मध्येच सोडलं तर मी काहीच सांगू शकत नाही." म्हणजे अब्बांना सहा वेळा त्या खाटेवर बसवून ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. ते कशानं का बसेनात.

जवारी म्हणजे काय ते सांगते. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या ज्या घोडीवरून जातात, त्या घोडीचं हाड केसभर घासून असा उतार द्यायचा की तार नुसती टणकन वाजत नाही, गुंजत राहते. गुंजली तर जवारी उघडी. नाही गुंजली तर बंद. घासायचं काम कानसीचं, पण खरं काम कानाचं.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. ज्यानं जवारी लावली, त्यानं ती पास करायची नाही. त्यानं तंबोरा छेडायचा आणि दुसऱ्यानं त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचं. तोंड बघितलं की भीड पडते, म्हणून पाठ. मग तो एकच शब्द बोलणार, उघडी नाहीतर बंद. दादाजान, म्हणजे अब्बांचे अब्बा, होते तोवर अब्बांची जवारी त्यांनी पास केली. ते गेले आणि अब्बांच्या वर कुणाचा कान उरला नाही. तेव्हापासून अब्बा आपली जवारी आपणच पास करायचे.

मला कुणी कधी भिंतीकडे तोंड करून बसवलं नाही. मी भोपळ्यावर नक्षी चिकटवायची, पॉलिश मारायचं. जवारी बायकांच्या हातची नव्हे, असं दादाजान म्हणायचे आणि अब्बांनी तेच धरलं. माझा भाऊ अस्लम याला शिकवायला घेतलं. तो सहा महिन्यांत कंटाळला आणि सोलापुरात मोबाइलच्या दुकानात लागला. नवऱ्याशी पटेना म्हणून मी माहेरी परत आले, कारखान्यात रोज दहा तास राबले, तरी माझ्या हातात कानस आली नाही. ह्याचा राग माझ्या मनात कायम होता. का खोटं बोलू?

तर पिशवी आणली. सिस्टर रूथनी आधी नाक मुरडलं, मग खाटेवर प्लास्टिक अंथरायला लावलं. डाव्या हाताला सुई तशीच ठेवून अब्बांनी तारा उतरवल्या, घोडी मांडीवर घेतली आणि उजव्या हातानं घासायला बसले. पुन्हा तारा चढवून त्यांनी छेडलं तेव्हा, आई गं! अख्खा वॉर्ड भरून गेला. पलीकडच्या खाटेवरची, सकाळपासून भिंतीकडे तोंड करून रडणारी बाई उठून बसली. हळबेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि अब्बांची सलाइनची बाटली कधीच रिकामी झाली होती, त्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हा मलाही वाटलं, चला, सुटलो.

तिसऱ्या मंगळवारी मी रेडिएशनच्या कागदांसाठी रांगेत उभी होते. वॉर्डात आले तर तंबोऱ्याच्या तारा पुन्हा उतरलेल्या आणि अब्बा भुवया आवळून घासत बसलेले.

"आता काय झालं?"

"काय व्हायचंय? पुन्हा बंद. ही बाई घरी नेऊन तंबोऱ्याचं काय करते कोण जाणे."

शेवटी त्यांनी छेडून बघितलं. आवाज नुसता कोरडा. अब्बा म्हणाले, "एका बैठकीत नाही सुधारायची. फार बिघडवलीय." मी हळबेबाईंकडे बघितलं. बाई खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होत्या.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

कसली वही? गाणं म्हणायला आलेल्या माणसाला वही कशाला? अब्बांनी कानस फिरवली की ह्या बघणार. अब्बा थांबले की ह्या लिहिणार. मध्येच घड्याळ बघून पुन्हा लिहिणार. आमच्या घरची जवारी ही काय रस्त्यावरची गोष्ट नव्हे. कुठं किती घासायचं, तारेखालचा दोरा कुठं सरकवायचा, हे दादाजानांनी अब्बांशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं. पोटच्या पोरीला नाही मिळालं आणि ही कोण कुठली बाई खाटेशी स्टूल टाकून फुकटात घेऊन जाणार?

चौथ्या मंगळवारी मी मुद्दाम लवकर आले. बाईंनी तंबोरा गवसणीतून काढला आणि छेडला. बंद. आदल्या आठवड्यासारखाच कोरडा. अब्बा चिडले, "बघ! बघ की मेहरू! काही घासताबिसता का हो घरी?"

"नाही हो भाई. मी कशाला करीन?" बाई इतक्या हळू बोलल्या की अब्बांनी "आं?" केलं आणि त्यांना पुन्हा सांगावं लागलं. मला वाटलं, चोराचा आवाज असाच निघतो.

थोड्या वेळानं बाई फोन घेऊन बाहेर गेल्या. मीही उठले आणि दाराआड उभी राहिले. हो, राहिले. लाज नाही वाटली.

"सगळं रोजच्या रोज लिहून घेतेय," बाई फोनवर सांगत होत्या. "बंदेनवाजभाईंचं तर बारीकसारीक. पूर्ण झालं की वही तुमच्याकडे देते."

माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले. "बाई, काय लिहिता एवढं?"

त्या दचकल्या. "ते होय? अगं, आत्ता नको. पूर्ण झालं की दाखवीन तुला."

"आत्ता का नको?"

"तसं सांगितलंय मला," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

मला आणखी काय पुरावा पाहिजे होता? दर आठवड्याला मुद्दाम जवारी बिघडवायची, म्हणजे अब्बा तीच पुन्हा दाखवणार, पुन्हा बघायची, पुन्हा लिहायची. आजारी माणसाचा हात चोरायचा. मी तडक सिस्टर रूथकडे गेले आणि सगळं ओकले. सिस्टर म्हणाल्या, "मेहरून, हळबेबाई तशा नाहीत गं." मी म्हटलं, "मग मी खोटी का?" नातेवाइकाची लेखी तक्रार आली की चौकशी होईपर्यंत बाहेरच्या माणसाचं येणं बंद, असा त्यांचा नियम. मी लेखी दिली. सही ठसठशीत केली.

पाचव्या मंगळवारी खिडकीपाशी स्टूल रिकामं होतं.

"बाई कुठाय?" अब्बांनी सुई टोचून घेताना विचारलं.

"काय माहीत. नाही आल्या." मी पिशवीतून आमच्या कारखान्यातली एक सुटी घोडी काढली. "हे घासा, अब्बा. वेळ जाईल."

त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि माझ्याकडे फेकली. "तार नाही, भोपळा नाही. हे काय घासू?" मग दाराकडे बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. श्वास जोरात चालू लागला, कपाळावर घाम आला. मी हात धरायच्या आत त्यांनी सुई उपसली. चादरीवर रक्त पडलं. सिस्टर धावत आल्या तोवर अब्बा जिन्यात होते.

घरी येऊन ते कारखान्यात भिंतीकडे तोंड करून बसले. "मी जाणार नाही. पुन्हा म्हणू नकोस."

डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "गुरुवारपर्यंत तरी आणा त्यांना. कसंही करा."

कसंही म्हणजे काय, ते मला कळत होतं. बुधवारी दुपारी मी ब्राह्मणपुरीत हळबेबाईंचं घर शोधत गेले. माफी मागायला नव्हे. बाईला बोलवायचं, पण नजर ठेवायची, असं ठरवून.

बाईंनी दार उघडलं आणि मला बघून दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "ये. ऊन फार आहे. पाणी देते."

"आधी तंबोरा दाखवा."

त्यांनी गवसणी काढली. मी तंबोरा खिडकीच्या उजेडात नेला आणि घोडीवर वाकले. अब्बा बारा वर्षांचे असताना करवतीनं त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक उडालेलं. त्यामुळं कानस त्यांच्या हातात जरा तिरकी बसते आणि तिचे ओरखडे डावीकडं उतरतात. अख्ख्या मिरजेत असे ओरखडे दुसऱ्या कुणाचे नाहीत. मी एकेक रेघ बघितली. नखानं चाचपली. सगळ्या डावीकडं उतरलेल्या. एकावर एक, एकावर एक. दुसऱ्या हाताची एकही रेघ त्या हाडावर नव्हती.

"तुम्ही हिला हात लावला नाहीत?"

"अगं, कानस कुठून धरतात तेसुद्धा मला माहीत नाही."

"मग बिघडली कशी?"

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. "खरं सांगू? भाईंनी पहिल्यांदा लावली ती पुढच्या मंगळवारीसुद्धा तशीच होती. सुंदर. मी घरी रोज वाजवत होते ना! पण ते म्हणाले बंद आहे. मला वाटलं, एवढा कारागीर, त्यांना ऐकू येतं ते आपल्याला कुठलं यायला? मी गप्प बसले. मग ते घासत गेले आणि..." त्यांनी घोडीकडे बोट केलं. "मी आपली गाण्याची मास्तरीण. त्यांना मी काय सांगणार?"

"आणि वही?"

"वाच. डॉक्टरीणबाईंनीच लिहायला सांगितलीय. गाण्यानं पेशंटला किती बरं वाटतं ते बघायचंय त्यांना. पेशंटना आधी कळलं तर तसंच वागतील, म्हणून सांगायचं नव्हतं."

मी वाचली. पहिल्या पानावर त्या रडणाऱ्या बाईबद्दल होतं. पुढं अब्बांची पानं. दुसरा मंगळवार: उलटी नाही, घाम नाही, तीन तास शांत. तिसरा मंगळवार: कामात इतके तल्लीन की सिस्टरनी दोनदा हाक मारली तरी ऐकू गेली नाही. चौथा मंगळवार: तल्लीनता वाढली आहे. तीन हाका मारल्या. पाठीमागं स्टीलचा ट्रे पडला, सगळे दचकले, भाई दचकले नाहीत.

मी वही मिटली. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं मला आठवलं. ह्या औषधानं कुणाकुणाच्या कानाला त्रास होतो. कानात आवाज आला, कमी ऐकू आलं, तर लगेच सांगायचं, औषध बदलता येतं. अब्बांनी मान डोलावली होती, मीही.

आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं, तरी त्यानं बाईवरच संशय घेतला असता. तंबोरा बिघडेल, हवा बिघडेल, बाई लबाड निघेल. अब्बांचा कान चुकेल, हे आमच्यात कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

"बाई, मी फार वाईट वागले," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. माझ्या लेखी तक्रारीबद्दल बाईंनी तेव्हाही काही विचारलं नाही आणि पुढंही नाही. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. "आता त्यांना सांगणार आहेस का?"

सांगितलं, तर माणूस हाय खाईल आणि केमो सोडेल. नाही सांगितलं, तर उरलेल्या दोन बाटल्या उरलासुरला कान घेऊन जातील. मी रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाले.

गुरुवारी सकाळी मी तक्रार मागं घेतली, डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं आणि औषध लावायच्या आधी पंधरा मिनिटं मागून घेतली. मग घरी जाऊन अब्बांना म्हटलं, "हळबेबाई आल्यात. तंबोरा घेऊन." ते उठले आणि चपला शोधायला लागले.

खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी हात पुढं केला. "आण. बंदच असणार."

"बंदच आहे," मी म्हटलं. "पण बाईंनी नाही बिघडवली, अब्बा. बोट फिरवून बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घोडीवरून अंगठा फिरवला, सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा एकदा फिरवला. आपली रेघ माणसाला कळते.

"हा तर माझाच हात," ते म्हणाले.

अब्बांनी घोडीवरचा अंगठा काढला नाही.

"दुसऱ्या मंगळवारनंतर कानात शिट्टी सुरू झाली. मला वाटलं, वॉर्डातल्या मशीनची. मग घरीपण यायला लागली."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? बहिऱ्याला तंबोरा कोण देतं गं?" ते घोडीकडेच बघत होते. "दर मंगळवारी लावून बघत होतो. येतंय का, अजून येतंय का. बाईवर आळ घेतला मी. कानावर घ्यायचा धीर नाही झाला." त्यांनी हळबेबाईंना हात जोडले. "माफ करा, बाई."

"असू दे, भाई," बाई म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या, त्यांना ऐकू जावं म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासायला पाठवलं, औषध बदललं आणि दुसरी बाटली लावली. अब्बा सुईकडे बघत होते. पुन्हा घाम यायला लागला होता. मला वाटलं, आता उपसणार. तेवढ्यात ते म्हणाले, "मेहरू, तुला कळतं का? बंद कुठली, उघडी कुठली?"

"लहानपणापासून कळतं. तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी कानसीची पिशवी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मग लाव."

मी तारा उतरवल्या, घोडी मांडीवर घेतली. अब्बा बोटानं दाखवायचे, इथं, थोडं, बास. मी तारा चढवल्या आणि म्हटलं, "आता पाठ करून बसा, अब्बा."

"पाठ करून काय ऐकू? मी असाच बसतो, तुझ्याकडे तोंड करून. वाजव."

मी वाजवला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"बंद."

पुन्हा तारा उतरवल्या, पुन्हा घासलं, पुन्हा चढवल्या. "बंद." तिसऱ्यांदाही "बंद." मला असा राग आला! ऐकू येत नाही आणि नापास करतात! पण बाटली संपली होती आणि अब्बा जागेवर होते.

गाठ गेली. अब्बा पुढं नऊ वर्षं जगले. कानातले वरचे स्वर मात्र परत आले नाहीत. त्यांनी स्वतः पुन्हा जवारी लावली नाही आणि मला शिकवताना रोज शिव्या घातल्या. आज मिरजेत लोक माझ्याकडे तंबोरे घेऊन येतात.

पण अजून आठवतो तो सहावा मंगळवार, शेवटच्या केमोचा. मी बाईंची घोडी दोन तास घासत होते. हाड इतकं पातळ झालेलं की एक हात जास्त पडला तर संपलंच. शेवटी तारा चढवल्या, दोरा सरकवला, भोपळ्याला कान लावला, डोळे मिटले आणि छेडलं. पंचम, जोड, जोड, खर्ज, चारही तारा. हळबेबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मी तशीच वाजवत राहिले.

"उघडी," अब्बा म्हणाले.

मी डोळे उघडले. लगेच माझा संशयी स्वभाव जागा झाला. माझ्यावर दया करतायत का? बाईंचं ऐकून बोलले का?

"तुम्हाला कसं कळलं?" मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं. "ऐकू आलं?"

"कुठलं ऐकू येतंय!" अब्बा म्हणाले. "गुरुवारी दर वेळी वाजवलंस की माझ्या तोंडाकडे बघायचीस. आज बघितलंच नाहीस."